तुमचं मृत्युपत्र १९५६ सालीच लिहून झालंय

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांना, त्यातही विशेषतः हिंदू महिलांना, एक आवाहन केलं: वय कितीही असो, लग्न झालेलं असो वा नसो, मृत्युपत्र करून ठेवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम १५ च्या एका तरतुदीला आव्हान देण्यात आलं होतं. ती तरतूद घटनेत बसते का, या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने तेव्हा दिलं नाही, पुढच्या योग्य प्रकरणासाठी तो मोकळा ठेवला आणि वर हा सल्ला दिला. मग वाद रंगला. एका बाजूचं म्हणणं, हा घरं फोडायचा धंदा आहे. हळद उतरली नाही तोवर पोरींनी मरणाचे कागद करायचे का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कायदा वाईट आहे तर तो सुधारा. बाईलाच आणखी एक काम का लावता? दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि दोन्हींनी ते कलम वाचलेलं नव्हतं, निदान बोलण्यावरून तरी तसंच वाटत होतं. पहिल्या बाजूला वाटत होतं की मृत्युपत्र केलं नाही तर सगळं आपोआप ‘आपल्या माणसांना’ मिळतं. दुसऱ्या बाजूला वाटत होतं की कायदा सुधारला की मृत्युपत्राची गरजच उरणार नाही. मला दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात. माझं म्हणणं साधं आहे. मृत्युपत्र न केलेली बाई कुणी नसतेच. जिने स्वतः लिहिलं नाही, तिच्या वतीने ते संसदेने १९५६ साली लिहून ठेवलेलं आहे. पंचविशी-तिशीतल्या मुलींनी ते एकदा वाचावं, आणि पटलं नाही तर आपलं वेगळं लिहावं.

मी वकील नाही. मुलुंडच्या एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीची आठ वर्षं मानद सचिव होते, एवढाच माझा अधिकार. सचिव म्हणजे गळक्या टाक्या आणि पार्किंगची भांडणं, असं लोकांना वाटतं. पण त्या टेबलावर माणसं गेल्यानंतरचे कागद येतात. आमच्याकडची एक मुलगी चौतिसाव्या वर्षी, आठ दिवसांच्या तापाने गेली. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून, सुरुवातीची रक्कम वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून. वडील पुढे वारले, आई तिच्याजवळच राहायची. नवऱ्यापासून ती चार वर्षं वेगळी होती, वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज पडून होता. नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्यामुळे आई निर्धास्त होती आणि खरं सांगायचं तर मीही. महिन्याभराने नवऱ्याचा अर्ज आला. घटस्फोट झालेला नव्हता, मूल नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. कायद्याने तो एकटा वारस होता. त्याने काही बळकावलं असं मी म्हणणार नाही. जे कलमात लिहिलं होतं तेच त्याने मागितलं. सत्तरीला आलेल्या त्या बाईंना मी कार्यालयात बसवून ‘नॉमिनी म्हणजे मालक नव्हे’ हे समजावत होते, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मग फॉर्मवर माझं नाव कशाला घेतलंत?”

आता ते कलम. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मिळकत बायको, मुलं आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आई पहिल्याच रांगेत उभी आहे. हिंदू बाई गेली तर पहिल्या रांगेत मुलं आणि नवरा. ते नसले तर दुसऱ्या रांगेत नवऱ्याचे वारस. तिची स्वतःची आई आणि वडील तिसऱ्या रांगेत. म्हणजे मुलगा गमावलेल्या आईला कायदा वाटा देतो आणि मुलगी गमावलेल्या आईला, जावयाच्या घरातलं जवळचं-लांबचं कुणी सापडत असेल तर, काहीच देत नाही. एक अपवाद आहे: आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, बापाच्या वारसांकडे परत जाते. पण त्यातला ‘वारशाने’ हा शब्द नीट बघा. बापाने हयातीत दिलेल्या पैशातून घेतलेलं घर वारशाने आलेलं नसतं. आणि बाईने स्वतः कमावलेल्या पैशाचा तर त्या कलमात वेगळा उल्लेखच नाही. १९५६ साली बायका कमावत नव्हत्या असं नव्हे. गिरणगावात हजारो बायका साच्यावर उभ्या होत्या. मात्र आपल्या कमाईचा मागे काहीतरी ठेवा ठेवून जाणारी बाई कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. हा कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, म्हणजे मुंबईतल्या बहुसंख्य मराठी मुलींना.

याचं टोक काय असू शकतं ते २००९ च्या एका निकालात दिसतं. एक बाई. १९५५ साली लग्न, तीनच महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी परतली, शिकली, नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये वारली. मागे भविष्य निर्वाह निधी, बँकेतल्या ठेवी. हक्क सांगायला दोघं आले: तिला शिकवणारी आई, आणि चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या बहिणीची मुलं. सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या भाच्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण कठोर आहे हे न्यायालयाला मान्य होतं, पण सहानुभूतीने कायद्याचा अर्थ लावता येत नाही, असं ते म्हणालं. आणि कायदा आहे तसा वाचला तर दुसरं काही निघत नव्हतं. तीन महिन्यांचा संसार चाळीस वर्षांच्या कमाईवर भारी पडला. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता तर हे प्रकरण न्यायालयाची पायरी चढलंच नसतं.

आणखी एक कलम आहे, २१ वं. एक्स्प्रेसवेवर गाडी उलटली, नवरा-बायको दोघंही गेले, आधी कोण गेलं ते कळत नाही. अशा वेळी कायदा धरून चालतो की वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली. आपल्याकडे बहुतेक घरांत बायको लहान. मूल नसेल तर काय होईल, ते मांडून बघा. नवऱ्याच्या मिळकतीतला वाटा क्षणभर तिच्याकडे येतो आणि नवऱ्याकडून आलेला म्हणून त्याच्याच वारसांकडे परत जातो. तिची स्वतःची कमाई दुसऱ्या रांगेच्या नियमाने तिकडेच जाते. विहिणी दोघी. दोघींचं मूल एकाच गाडीत गेलं. एकीला सगळं, दुसरीला शून्य. कोविडच्या काळात अशी तरुण जोडपी गेली, आणि अशाच एका जोडप्याच्या दोन आयांचा तंटा याच सुनावण्यांमध्ये न्यायालयासमोर मांडला गेला. तिथे चर्चा कन्यादान आणि गोत्रापर्यंत जाऊन पोचली. लग्नात गोत्र बदलतं ते बदलो. प्रॉव्हिडंट फंडाचं खातंही त्यासोबत बदलतं, हे किती मुलींना माहीत असतं?

इथे दुसऱ्या बाजूचा, म्हणजे माझ्याच मैत्रिणींचा, आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कायदा अन्यायाचा असेल तर कायदेमंडळाला धरा. बाईला मृत्युपत्र करायला सांगणं म्हणजे रस्त्यावर दिवे लावायचे सोडून तिला अंधाराआधी घरी यायला सांगण्यासारखं आहे. शिवाय न्यायालयासमोर थेट प्रश्न आला असताना त्याने निकालाऐवजी सल्ला द्यावा, याची चीडही मला समजते, थोडी माझीही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०१२ मध्येच हे कलम स्त्री-पुरुषांत भेद करणारं असल्याचं मत नोंदवलं होतं. विधी आयोगाने २००८ मध्ये २०७ वा अहवाल केवळ याच मुद्द्यावर, बाईच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर, दिला. अहवाल कपाटात आहे. आणि कायदेमंडळाला आईबाप दिसतच नाहीत असंही नाही. हुंडाबंदी कायद्यातली १९८६ ची दुरुस्ती सांगते की लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मूल नसेल, तर हुंड्यातली मालमत्ता तिच्या आईवडिलांना द्यायची. म्हणजे मुलगी जळाली-बुडाली तर आईबाप आठवतात, तेही हुंड्यापुरते. तापाने गेली तर नाहीत! दुसरीकडे म्हाताऱ्या आईवडिलांना पोसायची वेळ येते तेव्हा कायदा मुलीला सोडत नाही. कल्याणला दवाखाना असलेल्या एका विवाहित डॉक्टर मुलीने बापाला पोटगी द्यावी लागेल का, हा प्रश्न १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि उत्तर आलं की मुलगी विवाहित असली तरी ही जबाबदारी तिच्यावर आहे. निकाल योग्यच होता. पण मग जिच्या कमाईवर जिवंतपणी बापाचा हक्क, तिच्या मरणानंतर तो दीर-नणंदांच्या मागे कसा काय ढकलला जातो?

तर कायदा बदला, हे मान्य. पण तोवर काय? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मिळायला १९५६ पासून २००५ उजाडलं. महाराष्ट्राने आपल्यापुरती ती दुरुस्ती १९९४ मध्ये केली, म्हणजे अकरा वर्षं आधी, तरीही अडतीस वर्षं गेलीच. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं; ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर व्हायला आणखी पाच वर्षं लागली. या वेगाने चालणाऱ्या गोष्टीची वाट बघत असताना आपलं खातं, आपलं घर, आपल्या आईचं म्हातारपण उघड्यावर ठेवायचं, यात कसला लढा आहे? गिरगावात, पुढे डॉक्टर झालेल्या रुखमाबाईंची आई जयंतीबाई हिने काय केलं ते आठवा. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची परवानगी दिली, पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावं लागे. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी नवऱ्याकडून आलेली मिळकत लहानग्या रुखमाबाईच्या नावावर करून दिली. कायदा बदलेल तेव्हा बदलेल म्हणून ती थांबली नाही. पुढे त्याच रुखमाबाईंनी नवरा दादाजी भिकाजी याच्या घरी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन असं न्यायालयाला ठणकावलं. त्या करारीपणाच्या मुळाशी हा कागद होता असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण नावावर काही असलेली मुलगी आणि काहीच नसलेली मुलगी यांची मान सारखीच ताठ राहते, असंही कुणी म्हणू नये.

आणि उद्या हे कलम अगदी न्याय्य झालं, आईवडील पहिल्या रांगेत आले, तरी मृत्युपत्राची गरज संपत नाही. कारण कायदा कितीही सुधारला तरी त्याला नाती मोजता येतात, माणसं ओळखता येत नाहीत. अविवाहित मुलगी गेली तर आजच्या कायद्यानेही आई आणि वडील वारस, दोघांना सारखा वाटा. छान. पण ज्या बापाने ती सहा वर्षांची असताना घर सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, त्यालाही अर्धा वाटा. आईने डबे करून वाढवलं, त्याची नोंद कुठल्या कलमात होणार? आईवडील दोघेही नसतील तर बापाचे वारस. म्हणजे जिच्यासोबत गोरेगावच्या वन-बीएचकेमध्ये बारा वर्षं काढली ती बहीण आणि जो फक्त राखीला फोन करतो तो भाऊ, सारखेच. लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार, मैत्रीण, सांभाळलेलं पण दत्तक न घेतलेलं मूल, आजारपणात उशाशी बसलेली मावशी, यांना शून्य. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. सरसकट नियम असाच असणार. आपलं आयुष्य सरसकट नसेल तर तसं लिहून ठेवणं आपल्याच हाती आहे.

‘पोरींकडे असतं काय द्यायला?’ हा आक्षेप मी पटकन उरकते, कारण तो हिशेब न केल्यामुळे सुचतो. ऐरोलीच्या किंवा पवईच्या कुठल्याही कचेरीत पाच वर्षं काम केलेल्या मुलीचा पीएफ, कंपनीने उतरवलेला विमा, म्युच्युअल फंडाचा हप्ता, डीमॅट, लग्नातलं सोनं (जे स्त्रीधन म्हणून कायद्याने फक्त तिचंच आहे, लॉकर सासूबाईंच्या नावावर असला तरी), हे सगळं एका कागदावर मांडा. त्यात महाराष्ट्राची एक खास गंमत आहे. घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कोटीच्या घराला लाख रुपये वाचतात. त्यामुळे कितीतरी घरांत फ्लॅट सुनेच्या किंवा मुलीच्या नावावर नोंदवला गेलाय. लाख रुपये वाचवताना ज्या कुटुंबांनी बाईला मालक केलं, त्या मालकिणीच्या पश्चात ते घर कुणाचं, हा विचार त्यातल्या किती जणांनी केला असेल?

‘पण नॉमिनी आहे ना!’ हे वाक्य मी आठ वर्षांत इतक्यांदा ऐकलं की कार्यालयात पाटीच लावावी असं वाटायचं. नॉमिनी म्हणजे पैसे हाती घेणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत, मुंबईच्याच एका कुटुंबाच्या वादात, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, घर वारसाचंच. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, हा अपवाद. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात. लोकांना वाटलं चार वारस नेमता येतात! पीएफचं नामांकन लग्नानंतर नव्याने करावं लागतं, तेही कित्येक जणी विसरतात. नामांकन भराच. पण मृत्युपत्र आणि नामांकन एकाच माणसाकडे बोट दाखवत नसतील तर त्या दोघांत भांडण लावून तुम्ही निघून गेलात असं समजा.

संस्कृतीचा मुद्दा मात्र मला मनापासून रंजक वाटतो. मृत्युपत्र ही आपली गोष्ट नव्हे, असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. धर्मशास्त्रात दान आहे, विभाग आहे, मृत्युपत्र असं नाही. मुंबईत ते आलं इंग्रजी न्यायालयांबरोबर. गिरगाव-भुलेश्वरच्या शेठ-सावकारांनी ते आपलंसं केलं आणि १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांचा जो पहिला कायदा झाला तो बंगाल प्रांताबरोबर मद्रास आणि मुंबई शहरांना लागू झाला. पण मग संस्कृतीत बाईच्या धनाचं काय होतं? मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथात स्त्रीधनावर पहिला हक्क मुलींचा, त्यातही अविवाहित मुलीचा. आणि निपुत्रिक बाईचं स्त्रीधन कुणाकडे जायचं हे तिचं लग्न कसं लागलं यावर ठरायचं. ब्राह्म वगैरे प्रशस्त विधीने लागलं असेल तर नवऱ्याकडे. पैसे घेऊन, आसुर पद्धतीने लागलं असेल तर आईबापांकडे. शास्त्रकारांना निदान प्रश्न पडला होता की या बाईचं धन माहेरचं की सासरचं, आणि त्यांनी परिस्थितीप्रमाणे दोन उत्तरं दिली. १९५६ च्या कायद्याने बाईला मिळकतीची पूर्ण मालक केलं, बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा-मुलगी समान केले, हे मोठंच पाऊल होतं. मात्र निपुत्रिक बाईच्या बाबतीत त्याने त्या दोनांपैकी एकच उत्तर उचललं आणि सगळ्यांना चिकटवलं. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा तरी पुरती बघावी.

यापेक्षा जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो फारसा कुणी घेतला नाही. मृत्युपत्र हे बायकांविरुद्ध वापरलं जाणारं हत्यार आहे. मुलींना समान वाटा मिळाल्यापासून किती बापांनी ‘मुलींच्या लग्नात भरपूर खर्च केला आहे, सबब त्यांना काही देणे नाही’ या वाक्याने सगळं मुलांना लिहून दिलंय? हे वाक्य मी इतक्या कागदांत वाचलंय की ते छापील फॉर्मातलं वाटतं. मग आम्ही त्याच हत्याराची भलामण करायची? उद्या सासरची माणसं नव्या सुनेकडून सगळं नवऱ्याच्या नावे लिहून घेणार नाहीत कशावरून? घेतील, काही घरांत घेतीलही. पण त्या घरांत बाईच्या सहीचा दुसरा पर्याय काय आहे ते पाहा. हक्कसोडपत्र नोंदवलं की ते मागे घ्यायला न्यायालयात जावं लागतं. बक्षीसपत्र दिलं की गेलं. मृत्युपत्र हा असा एकमेव कागद आहे जो सही केल्यावरही बाईच्या हातातून काहीच काढून घेत नाही. ती जिवंत आहे तोवर एक रुपयाही हलत नाही, आणि ती तो केव्हाही, कुणाला न सांगता, बदलू शकते. सोमवारी दडपणाखाली केलेलं मृत्युपत्र मंगळवारी माहेरी जाऊन रद्द करता येतं. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कलही तिच्या हयातीत तिच्याशिवाय किंवा तिच्या मुखत्याराशिवाय कुणाला मिळत नाही. सीलबंद लिफाफा जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे. बापांनी ज्या स्वातंत्र्याने मुलींना वगळलं ते स्वातंत्र्य कायद्यात आहेच. ते एकाच बाजूने वापरलं जात राहिलं, यातच खरी खोट आहे.

भांडणं वाढतील, म्हणतात. वाढतातही; मृत्युपत्रांवरचे दावे कोर्टात भरपूर आहेत. पण कुठली मृत्युपत्रं संशयात सापडतात? ऐंशीच्या घरातले आजोबा, इस्पितळातली खाट, थरथरती सही, आणि ज्याला सगळं मिळालं तोच वकील घेऊन आलेला. तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या, धडधाकट मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या पानाबद्दल ‘तिला भान नव्हतं’ असं कोण म्हणणार? मृत्युपत्र म्हातारपणी करायचं असतं, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. ते तब्येत ठणठणीत असतानाच सगळ्यात भक्कम होतं. मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, घ्यावंच लागे, हा त्रास मात्र खरा होता. ती सक्ती डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रद्द केली.

करायचं काय, ते फार नाही. साधा कागद, तारीख, काय आणि कुणाला, अंमलबजावणी कोण करणार त्याचं नाव, सही, आणि ती सही होताना पाहणारे दोन साक्षीदार, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही; केलेली बरी. धर्माप्रमाणे फरक आहेत, ते मात्र विचारून घ्यावेत: मुस्लिम मुलीला वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडे देता येत नाही; ख्रिस्ती मुलीने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, हिंदू मुलीचं होत नाही. म्हणून हिंदू मुलीने लग्नानंतर जुना कागद काढून पुन्हा वाचायला हवा, एवढंच.

आणि नवऱ्यावर अविश्वास? माझ्या भाचीने लग्नानंतर दोन महिन्यांनी मृत्युपत्र केलं, नवऱ्याला सांगून. त्यानेही त्याच आठवड्यात केलं. तिने पीएफ आणि ठेवी नवरा आणि आई यांच्यात अर्ध्या-अर्ध्या वाटल्या आहेत, आजीच्या पाटल्या चुलतबहिणीला, आणि सायकल वॉचमनच्या मुलाला. यात मला तरी अविश्वास दिसत नाही. ही मुलगी कुणाकुणाची आहे याची यादी दिसते. पहिली साक्षीदार म्हणून मी सही केली. दुसऱ्या साक्षीला शेजारच्या काकू आल्या, वय एकाहत्तर. मजकूर वाचायचा नसतो, सही होताना फक्त बघायची असते, हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला, भाचीची सही होईपर्यंत टक लावून बघितलं, मग चष्मा लावून आपलं नाव सावकाश लिहिलं. चहा झाला तरी उठेनात. कप बशीत फिरवत त्यांनी मला विचारलं, “माझ्या नावावर काय काय आहे, हे कुणाला विचारायचं गं?”